‘नेट नाही’ म्हणजे नेमकं काय नाही?

आपल्या मंडळात एका शब्दावरून तासभर वाद रंगतो. कवितेत ‘वारा’ हवा की ‘झुळूक’, यावर दोन गट पडतात. तीच मंडळी कॉम्प्युटरपुढे बसली की चार-पाच वेगवेगळ्या अडचणींना एकच नाव देतात: ‘नेट नाही’. मला हे पटत नाही. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांचा आणि साहित्य आपलं, ही वाटणी सोयीची आहे खरी, पण तिचे पैसे आपल्याच खिशातून जातात.

दुकानात आपण विचारतो, ‘मेमरी किती?’ उत्तर येतं ‘512’, आणि आपण खूश. तो आकडा स्टोरेजचा असतो, रॅमचा नव्हे. रॅम म्हणजे अभ्यासाचं टेबल. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे कपाट. प्रोसेसर म्हणजे टेबलाशी बसून काम करणारा. टेबल लहान असेल तर कपाट कितीही मोठं असो, एका वेळी चार पुस्तकं उघडी राहत नाहीत. आणि वीज गेली की टेबल साफ होतं, कपाट तसंच राहतं. सेव्ह न केलेला लेख जातो तो यामुळेच. लॅपटॉप रेंगाळतो म्हणून नव्यासाठी घरी हट्ट धरण्याआधी आत काय आहे ते तरी बघा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवल्यावर बहुतेक वेळा फरक लगेच जाणवतो. रॅम मात्र काही लॅपटॉपमध्ये वाढवता येते, काहींत ती बोर्डालाच पक्की केलेली असते. हे विकत घेतानाच विचारायचं.

आता नेट. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. राउटरपासून तुमच्या फोनपर्यंतचा शेवटचा टप्पा, एवढंच वायफाय. फोनवर सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि तरी पान उघडत नाही, तेव्हा राउटर जवळ आहे, पण त्याच्या पुढची लाइन बंद असू शकते. एकच साइट उघडत नसेल आणि बाकीच्या उघडत असतील, तर दोष बहुधा त्या साइटच्या बाजूचा. उगाच राउटर बंद-चालू करून काय होणार?

आणि राउटर काय करतो हे हुबळीच्या माणसाला सांगायला नको. तो जंक्शनच आहे. हुबळीहून पुण्याला बेळगाव-मिरजेवरून जाता येतं, तसंच गदग-विजयपूर-सोलापूरवरूनही. तुमचा मेसेज छोट्या तुकड्यांत तुटतो, प्रत्येकावर पोचायचा पत्ता असतो, त्यालाच आयपी अॅड्रेस म्हणतात. वाटेतला प्रत्येक राउटर पत्ता वाचतो आणि पुढच्या जंक्शनकडे रवाना करतो. तुकडे मागेपुढे पोचले तरी पलीकडचं यंत्र नंबर बघून ते लावून घेतं. एखादा हरवला तर पुन्हा मागवतं.

हे सगळं लांबचं वाटत असेल, तर फायबरमधून प्रकाशावर डेटा वाहून नेणारी यंत्रं बनवण्यासाठी 1998 साली अमेरिकेत निघालेल्या सायकॅमोर नेटवर्क्सच्या संस्थापकांपैकी एक, गुरुराज देशपांडे, आपल्या हुबळीचेच.

राउटरला ‘मार्गक’ म्हणा, असा माझा आग्रह नाही. शेजारी बसणारा कन्नड मित्रही राउटरच म्हणतो. शब्द राहू दे. समजावणारं वाक्य मराठी हवं.

आपल्या अंकाचंच घ्या. देवनागरीतली एकेक खूण युनिकोडमध्ये साठवताना साधारणपणे 3 बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशा 5 खुणा, म्हणजे 15 बाइट. हा अख्खा लेख दहा केबीच्या आसपास बसतो. हाताने लिहिलेल्या पानाचा फोनवर काढलेला फोटो सहज 3 एमबीचा होतो. तेवढ्यात असे तीनशे लेख मावतील. तरी आपण फोटो पाठवतो, तो अर्ध्यावर अडकतो, आणि पुन्हा तेच, ‘नेट स्लो आहे’. गावाकडून मोबाइल डेटावर अंक वाचणाऱ्यांना तर ही फोटोंची पानं उघडेपर्यंत घाम फुटतो. शिवाय फोटोत शब्द शोधता येत नाही, चूक सुधारता येत नाही.

म्हणून पुढच्या अंकापासून लेख टाइप केलेलेच घ्यावेत, असं मी संपादकांना सुचवतो. ज्यांना मराठी टाइप येत नाही त्यांच्याजवळ येणाऱ्याने अर्धा तास बसावं, फोनवरही जमतं. आणि मंडळाच्या एका बैठकीत कविता बाजूला ठेवून, प्लग काढलेला एक जुना डेस्कटॉप टेबलावर उघडून ठेवू या. रॅमची पट्टी कुठली आणि हार्ड डिस्क कुठली, ते ज्याने त्याने हात लावून ओळखायचं.