सातव्या बिंदूचा माणूस

माझा बाप लायब्ररीत शिपाई होता. तीस वर्षं पुस्तकांवरची धूळ त्यानं खाल्ली, आणि खोकत खोकत मेला. मी त्याच पुस्तकांचं शास्त्र शिकलो. एम.लिब. झालो, नेट काढली. आज विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकवतो. पण कायम नाही. तासिका तत्त्वावर! तास घेतला तर पैसे. सुट्टी लागली की चूल बंद. मे महिन्यात मी बेकार, जूनमध्ये पुन्हा 'सर'. बाप कपाट पुसायचा, मी फळा पुसतो. एवढीच प्रगती.

पोरांना मी रंगनाथन शिकवतो. १९३१ साली त्यांनी पाच सूत्रं मांडली. सार असं की पुस्तक कोंडून ठेवायला नसतं, हक्काच्या वाचकाच्या हातात ते पडलंच पाहिजे. पोरं मुकाट वहीत उतरवतात. मी मनात म्हणतो, पुस्तकाचं कळलं, खुर्चीचं काय?

तर खुर्चीचा हिशेब ऐका. ग्रंथालयशास्त्राचा विभाग म्हणजे बहुतेक ठिकाणी तीन-चार मास्तरांचा संसार. केंद्राच्या बिंदुनामावलीत चौथी जागा ओबीसीची, सातवी आपली, अनुसूचित जातीची. २०१७ साली अलाहाबाद हायकोर्टानं सांगितलं, आरक्षण विद्यापीठ धरून नको, विभाग धरून मोजा. मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं तसं पत्रकही काढलं. आता बोला, चार जागांच्या विभागात सातवी जागा कुठल्या जन्मी येणार? विटाळ नाही, शिवी नाही. नुसत्या गणितानं गावकुसाबाहेर!

५ मार्च २०१९ ला लोक रस्त्यावर उतरले, भारत बंद केला. दोन दिवसांत वटहुकूम निघाला, त्याच वर्षी कायदा झाला. केंद्राच्या विद्यापीठांत आता मोजणी पुन्हा अख्खं विद्यापीठ धरून. म्हणजे गणित बदलता येत होतं. रस्ता तापल्याशिवाय बदलायचं नव्हतं, इतकंच.

पण कायद्यानं जागा राखली जाते, भरली जात नाही. आमच्या विभागात राखीव जागा निघाली, मीही मुलाखतीला गेलो. समितीनं सात मिनिटं विचारलं, चहा घेतला आणि शेरा मारला : योग्य उमेदवार मिळाला नाही. पुढच्याच सोमवारी त्याच विभागातून फोन, 'सर, तालिकीकरणाचे तास घ्यायला या.'

अरे, तासाला लायक आणि खुर्चीला नालायक? हे कुठलं शास्त्र?

दोस्तांनो, रडगाणं पुरे झालं. माहितीच्या अधिकारात प्रत्येक विभागाची बिंदुनामावली मागा. कुठली जागा कधीपासून रिकामी, कुणी काय शेरा मारला, सगळं काढा आणि विभागाच्या दारावर चिकटवा. नोंदी करणं आम्हाला तुम्हीच शिकवलंत, साहेब. पुस्तकांच्या खूप केल्या. आता खुर्च्यांच्या करतो. कुठली खुर्ची कुणाची, आणि तिच्यावर बसलंय कोण.

जयभीम.