'सायबरस्पेस'मध्ये सुकाणू कुणाच्या हातात?

'सायबर' म्हटलं की आपल्याला सायबर कॅफे आठवतो, नाहीतर पोलिसांचा सायबर सेल. मूळ शब्द मात्र दर्यावर्दी आहे. ग्रीक भाषेत 'किबरनेटीस' म्हणजे जहाजाचं सुकाणू धरणारा. लॅटिनमधून फिरत फिरत त्याचाच 'गव्हर्नर' झाला. गंमत म्हणजे मराठीतलं 'सुकाणू'ही अरबी 'सुक्कान'वरून आलं आणि 'नाखवा' फारसी 'नाखुदा'वरून. कोकणातल्या आपल्या खलाशी घराण्यांना हे शब्द शिकवावे लागत नाहीत. ('अल्गोरिदम' अल-ख्वारिज्मीच्या नावावरून आला, हा फॉरवर्ड मात्र आता पुरे!)

1948 साली गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी 'सायबरनेटिक्स' हे पुस्तक लिहिलं. महायुद्धात त्यांनी विमानविरोधी तोफांच्या नेमावर काम केलं होतं. परिणाम बघायचा, त्यानुसार पुढची हालचाल सुधारायची, पुन्हा बघायचं. यालाच आम्ही इंजिनीअर फीडबॅक म्हणतो. तुमच्या मोबाइलवरचं फीड हेच करतं: तुम्ही कुठे थांबलात, कशावर चिडलात हे पाहून पुढचा व्हिडिओ ठरतो.

मग 1982 साली विल्यम गिब्सन या कादंबरीकाराने 'सायबर'ला 'स्पेस' जोडलं. 1984च्या 'न्यूरोमॅन्सर'मुळे शब्द जगभर गेला. ती कादंबरी त्याने साध्या टाइपरायटरवर लिहिली होती. शब्द झकास आहे, पण माझ्या मते त्याने नुकसानही केलं. 'स्पेस'मुळे वाटतं की इंटरनेट ही कुठलीतरी वेगळी जागा आहे; तिथे काय वाट्टेल ते चालतं, आणि त्रास झाला तर आपण बाहेर पडायचं.

1 जानेवारी 2022 रोजी 'बुल्ली बाई' ॲपवर शंभराहून अधिक मुस्लिम महिलांचे फोटो 'लिलावा'ला लावले गेले. त्याआधी जुलै 2021 मध्ये 'सुल्ली डील्स' झालंच होतं. 'ऑनलाइनच तर आहे, दुर्लक्ष करा' हा सल्ला आपल्याच घरांतूनही मुलींना मिळतो. फोटो खरे, मुली खऱ्या, ॲप बनवणारी पोरंही याच देशातली. महिलांनी तक्रार केली, मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने गुन्हा नोंदवला आणि काही दिवसांतच अटका झाल्या.

तेव्हा बहिणीने, मैत्रिणीने असं काही दाखवलं, तर तिला अकाउंट बंद करायला सांगू नका. आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, मग तिच्यासोबत पोलिस ठाण्यात जा.