इंग्लंडमध्ये घर शोधताय की शाळा? 'ग्रामर स्कूल'च्या पत्त्याचं गणित काय आहे?

स्लाऊ की सटन? केंट बरं की बकिंगहॅमशर? नोकरीनिमित्त लंडनच्या आसपास गेलेल्या भारतीय कुटुंबांमध्ये, मुलं आठ-नऊ वर्षांची झाली की या गप्पा हमखास सुरू होतात. प्रश्न घराचा वाटतो. खरा प्रश्न असतो शाळेचा, त्यातही 'ग्रामर स्कूल'चा.

ग्रामर स्कूल म्हणजे प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी माध्यमिक शाळा. फी शून्य. स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलेल्यांच्या मुलांनाही सरकारी शाळेत शिकता येतं. १ जानेवारी २०२५ पासून ब्रिटनमध्ये खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागू झाला. खासगी शाळेचा विचार करणाऱ्या मध्यमवर्गीय पालकांसाठी फुकटातली ग्रामर स्कूल त्यामुळे आणखी मोलाची ठरली.

अडचण एवढीच की संपूर्ण इंग्लंडमध्ये अशा शाळा आहेत फक्त १६३. सरकारी माध्यमिक शाळांमधली जेमतेम पाच टक्के मुलं तिथे शिकतात. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तर एकही नाही.

या शाळा ठरावीक भागातच का?

१९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची विभागणी करण्याची पद्धत देशभर रुळली. परीक्षेचं नाव 'इलेव्हन प्लस'. पास झालेले ग्रामर स्कूलमध्ये, उरलेले बहुतेक 'सेकंडरी मॉडर्न'मध्ये. अकराव्या वर्षीच मुलाचं भवितव्य ठरवण्यावर टीका वाढली आणि १९६५ मध्ये लेबर सरकारचे शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी परिपत्रक काढून, सगळ्यांना एकत्र शिकवणाऱ्या 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' शाळांकडे वळण्याची विनंती स्थानिक कौन्सिलना केली.

विनंती हा शब्द इथे महत्त्वाचा. बहुतेक कौन्सिलनी ती मानली. केंट, बकिंगहॅमशरसारख्या काहींनी मानली नाही. त्या काळात सुमारे १,३०० ग्रामर स्कूल होत्या. आज उरलेल्या शाळांचा नकाशा म्हणजे त्या वेळच्या स्थानिक राजकारणाचा नकाशा आहे. केंटमध्ये ३२, बकिंगहॅमशरमध्ये १३, मँचेस्टरजवळच्या ट्रॅफर्डमध्ये ७ आणि कित्येक मोठ्या शहरांत शून्य. १९९८ च्या कायद्याने नव्या ग्रामर स्कूल काढायलाच बंदी घातली. २०१६ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी ती उठवण्याचा प्रस्ताव मांडला, पण २०१७ च्या निवडणुकीत बहुमत गेलं आणि प्रस्तावही बारगळला.

म्हणजे शाळा तुमच्याकडे येणार नाही. तुम्हालाच शाळेकडे जावं लागतं.

पत्ता किती महत्त्वाचा?

पालकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण प्रत्येक शाळेचं उत्तर वेगळं आहे.

बार्नेटमधली क्वीन एलिझाबेथ्स ही मुलांची शाळा प्रवेश परीक्षेतल्या गुणांच्या क्रमाने जागा भरते. शाळेला 'कॅचमेंट', म्हणजे ठरलेली हद्द नाही. अशा शाळेसाठी शेजारच्या गल्लीत महागडं घर घेऊन प्रवेशाची शक्यता काडीचीही वाढत नाही. फक्त रोजचा प्रवास वाचतो.

बकिंगहॅमशरमध्ये नेमकं उलटं. तिथल्या परीक्षेत १२१ गुणांची पात्रता रेषा आहे. ती ओलांडली की कोणाला किती जास्त गुण पडले, याने सहसा फरक पडत नाही. मग शाळेची हद्द आणि घरापासूनचं अंतर बघितलं जातं. इथे पत्ता खरोखर निर्णायक ठरतो. किंग्स्टनमधल्या टिफिन गर्ल्स किंवा रीडिंगमधल्या दोन ग्रामर स्कूल यांच्या मधल्या कुठेतरी आहेत: स्पर्धा गुणांची, पण ठरवून दिलेल्या पोस्टकोडमधल्या मुलांना प्राधान्य.

आणखी एक गैरसमज म्हणजे 'त्या कौन्सिलच्या हद्दीत राहायलाच हवं'. १९८९ च्या ग्रिनिच खटल्याच्या निकालानुसार, मूल केवळ दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दीत राहतं म्हणून त्याला डावलता येत नाही. सटनमधल्या पाच ग्रामर स्कूलसाठी दूरदूरची मुलं परीक्षेला बसतात ती यामुळेच. आपल्याकडच्या नवोदय विद्यालयासारखी जिल्ह्याची अट इथे नाही.

पत्ता दाखवण्यापुरता घेतला तर? कौन्सिल टॅक्सच्या नोंदी तपासल्या जातात आणि खोट्या माहितीवर मिळालेली जागा काढून घेता येते. जवळच स्वतःचं घर असताना शाळेपुरतं भाड्याने घेतलेलं घर अनेक कौन्सिल मान्य करत नाहीत.

आणि पास झाला नाही तर?

घर बदलण्याआधी विचारायचा खरा प्रश्न हाच आहे आणि नेमका तोच शेवटी विचारला जातो.

केंटची परीक्षा साधारण पाव मुलं निवडण्याच्या हिशोबाने आखलेली आहे. म्हणजे चारपैकी तीन मुलं ग्रामर स्कूलबाहेर राहणार, हे गृहीतच धरलेलं. हुशार समजली जाणारी मुलं एका बाजूला निघून गेल्यावर उरते ती शाळा कागदोपत्री काहीही म्हणवून घेवो, व्यवहारात जुनी सेकंडरी मॉडर्नच. लंडनच्या बार्नेट किंवा किंग्स्टनमध्ये परिस्थिती वेगळी आहे. तिथे ग्रामर स्कूल मोजक्या, स्पर्धा जीवघेणी. पण नाही जमलं तर आजूबाजूला चांगल्या कॉम्प्रिहेन्सिव्ह आहेत. ग्रामर स्कूल जास्त असलेला भाग जास्त सुरक्षित, हे गणित इथे चुकतं. ज्या भागातली दुसऱ्या पसंतीची शाळाही मनापासून चालेल, तो भाग बरा.

ग्रामर स्कूलचे निकाल झगमगीत असतात, यात वाद नाही. पण डरहम विद्यापीठाच्या स्टीफन गोरार्ड आणि नादिया सिद्दिकी यांच्या २०१८ मधल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, प्रवेश घेणारी मुलं मुळात कशी आहेत हे लक्षात घेतलं तर या शाळांची वेगळी किमया फारशी उरत नाही. सटन ट्रस्टच्या २०१३ च्या अहवालानुसार ग्रामर स्कूलमध्ये जाणाऱ्यांपैकी मोफत जेवणाला पात्र, म्हणजे गरीब घरांतली मुलं ३ टक्क्यांहून कमी होती. शिकवणीला पैसे आणि घर बदलण्याची ऐपत, दोन्ही कोणाकडे असतं हे वेगळं सांगायला नको. लातूरला खोली घेऊन मुलासोबत राहणारी आई आणि स्लाऊला घर बघणारं कुटुंब यांच्यात फरक मुख्यतः पौंडांचाच.

वेळापत्रक चुकलं तर?

परीक्षेसाठी नोंदणी इयत्ता पाचवीच्या, म्हणजे 'इयर फाइव्ह'च्या उन्हाळ्यात. परीक्षा सहसा सप्टेंबरमध्ये, निकाल ऑक्टोबरमध्ये, माध्यमिक प्रवेशाच्या अर्जाची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर आणि जागा कळते १ मार्चला. नोंदणी हुकली तर त्या वर्षीचं दार बहुधा बंद. बकिंगहॅमशरमध्ये तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेतली मुलं आपोआप परीक्षेला बसतात. केंटमध्ये पालकांनाच नोंदणी करावी लागते.

मुलगा आणि मुलगी दोघंही असतील तर हिशोब दोनदा मांडावा लागतो. बार्नेटची क्वीन एलिझाबेथ्स आणि हेन्रिएटा बार्नेट, किंग्स्टनच्या टिफिन, रीडिंगच्या रीडिंग स्कूल आणि केंड्रिक या शाळा अकराव्या वर्षी एक तर मुलांना घेतात किंवा मुलींना. स्लाऊमधल्या हर्शेल आणि लँगली मात्र दोघांसाठी आहेत आणि एलिझाबेथ लाइनमुळे तिथून लंडनला जाणंही सोपं झालंय.

उशिरा गेलेल्यांसाठी एक वाट उरते. सोळाव्या वर्षी, 'सिक्स्थ फॉर्म'ला, बऱ्याच ग्रामर स्कूल बाहेरच्या मुलांना घेतात. तिथे इलेव्हन प्लस कोणी विचारत नाही, जीसीएसईच्या ग्रेड बघतात.