दोन रात्री, कुणाचं तरी घर

‘मी एकटाच तर आहे, माझ्याने काय फरक पडतो?’ सोलो ट्रिपवाल्यांचा हा युक्तिवाद मला पटत नाही. बार्सिलोनात शुक्रवारी उतरून रविवारी परतणारे असे एकेकटेच येतात, आणि बार्सेलोनेतासारख्या मच्छीमारांच्या जुन्या वस्तीतला फ्लॅट वर्षभर त्यांच्यासाठीच राखला जातो. तिथे राहणाऱ्याला मग भाड्याने घर मिळत नाही. जुलै २०२४ मध्ये मोर्चेकऱ्यांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या; आपण त्यावर मीम्स केले. त्याआधीच महापौरांनी पर्यटक-फ्लॅटचे १०,१०१ परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचं जाहीर केलं होतं. एकट्याला हॉस्टेलमधला एक बेड पुरतो. समुद्र बघायला जरूर जा. स्वतःला शोधायला दुसऱ्याचं घर कशाला हवं?