नावापुरता संपादक

परवा सकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता त्याचंच वय पन्नाशीला टेकलंय. खामगावला त्याचं छोटंसं दुकान आहे. चहा होईपर्यंत पाऊसपाण्याचं बोलला आणि मग मुद्द्यावर आला. त्याची मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुण्याच्या एका मासिकाने तिची 'विद्यार्थी संपादक' म्हणून निवड केली आहे. काम सहा महिन्यांचं, त्यातले पहिले दोन महिने पुण्यात राहायचं. मी म्हटलं, "अरे, मग पेढे कुठे आहेत?"

तो म्हणाला, "सर, नाव तं छापून येईन, पन खानावळीचं बिल कोन भरीन? अन् संपादक तं मी बी होतो. आठवते का तुमाले?"

मला आठवलं, आणि मी गप्प झालो.

तीसेक वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा वार्षिकांक निघाला होता. संपादक मंडळात नववीची तीन मुलं, त्यातला हा एक. पहिल्याच पानावर तिघांचे फोटो. प्रत्यक्षात लेख मी निवडले, कविता मी दुरुस्त केल्या, प्रेसमध्ये बसून प्रूफं मी तपासली. इतकंच काय, मुलांच्या नावाचं संपादकीयसुद्धा एका रविवारी मीच लिहून काढलं. मुलांनी फक्त इस्त्रीचे कपडे घालून फोटो काढून घेतले. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. अंकात चुका राहिल्या तर शाळेचं नाव जाईल, एवढीच काळजी होती. आज वाटतं, राहिल्या असत्या चार चुका तर काय बिघडलं असतं? निदान त्या मुलांच्या स्वतःच्या तरी असत्या.

अनेक शाळा-कॉलेजांच्या वार्षिकांकांची हीच गत असते. म्हणूनच व्यावसायिक मासिकाने एखाद्या मुलीला बोलावलं, तर त्या पदाला काही वजन आहे की तोही नुसता फोटोच, हे आधी विचारलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या शेजारचंच उदाहरण सांगतो. गोपाळ गणेश आगरकर मूळचे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, पण 1875 साली मॅट्रिक झाले ते आपल्या अकोल्याहून. अकोल्यात असतानाच 'वऱ्हाड समाचार'मध्ये ते लिहू लागले. पुढे डेक्कन कॉलेजात शिकताना वर्तमानपत्रांत लेख लिहूनच त्यांनी खर्चाची तोंडमिळवणी केली. म्हणजे लिखाणाचे पैसे मिळाले म्हणून एका गरिबाच्या मुलाचं शिक्षण झालं, हे विसरू नये. 4 जानेवारी 1881 रोजी 'केसरी' निघाला तेव्हा त्याचे पहिले संपादक आगरकर अवघ्या 24 वर्षांचे होते. वर्षभरातच कोल्हापूर प्रकरण उभं राहिलं. तिथल्या कारभाऱ्यांविरुद्ध ज्या पत्रांच्या आधारावर मजकूर छापला, ती पत्रं बनावट निघाली. माफी मागूनही 1882 मध्ये टिळक आणि आगरकर या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले.

संपादक या शब्दाचा अर्थ मला या प्रकरणात दिसतो. छापलेल्या ओळीची जबाबदारी त्याच्यावर असते. विद्यार्थ्यांना अर्थातच तुरुंगात पाठवायचं नाही! पण आलेलं पत्र खरं की खोटं हे तपासणं, मोठ्या नावाचा लेख सुमार असेल तर 'साभार परत' म्हणायचं धाडस करणं, वेलांटी चुकली तर 'माझ्या नजरेतून सुटली' असं कबूल करणं, हे विद्यार्थिदशेतच शिकावं लागतं. ते शिकवायची तयारी नसेल तर मासिकांनी उगाच ही पदं वाटू नयेत.

आणि पैशाचं? बापाचा प्रश्न अगदी रास्त आहे. मानधन नसेल तर ज्यांचे मामा-काका पुण्यात राहतात तीच मुलं विद्यार्थी संपादक होणार. मग खामगाव, मेहकर, लोणारची पोरं मासिकात यायची कशी? आणि ती आली नाहीत तर आमच्याकडचं जगणं त्या पानांवर कोण आणणार? मुलीच्या खोलीभाड्याची आणि जेवणाची सोय मासिकाने करावी. नाहीतर तिला इथूनच काम करू द्यावं. आता पानं कॉम्प्युटरवर लागतात, मजकूर मोबाईलवर येतो, अडचण कसली?

संध्याकाळी मुलगी स्वतः आली. मी तिला मासिकाला तीन प्रश्न विचारायला सांगितले. लेख नाकारायचा अधिकार मला असेल का? माझं काम तपासून चुका कोण दाखवेल? राहण्या-जेवण्याचं काय? तिने त्याच रात्री ई-मेल पाठवला. उत्तर यायचं आहे.

जाताना मी तिच्या हाती हाच लेख ठेवला आणि म्हटलं, "कर संपादन." दुसऱ्या दिवशी तो परत आला. आमच्या शाळेच्या स्थापनेचा सगळा परिच्छेद तिने काट मारून उडवला होता आणि बाजूला लिहिलं होतं, "आजोबा, हे विषयाला सोडून आहे."

मला तो परिच्छेद फार आवडला होता. पण तिचं बरोबर होतं. असो.