दुपारच्या चहाचा हिशेब

कष्टकऱ्याने चहा सोडावा, असा उपदेश या देशात गेली शंभर वर्षे होत आला आहे. उपदेश करणारे बदलले, त्यांची कारणे बदलली. ऐकणारा मात्र तोच राहिला. कधी प्रकृतीसाठी, कधी काटकसरीसाठी त्याने हातातला कप खाली ठेवावा, असे त्याला सांगितले गेले. आता या उपदेशाला अंकगणिताची जोड मिळाली आहे. नागपुरात वस्तीतल्या ठेल्यावर साधा चहा दहा रुपयांना मिळतो. महिन्याचे 26 कामाचे दिवस धरले, तर दुपारचा एक चहा महिन्याला 260 रुपयांना आणि वर्षाला 3,120 रुपयांना पडतो. एवढ्या पैशात मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय होते. तोच चहा घरी केला, तर पुष्कळ स्वस्त पडतो. मग ठेल्यावरचा दुपारचा चहा परवडतो कसा, आणि तो घ्यावा तरी कशासाठी?

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. रोजच्या मजुरीवर ज्या घरची चूल पेटते, त्या घरात दहा रुपयांचाही हिशेब असतो. परंतु हिशेब करायचाच तर तो पुरता केला पाहिजे. त्या दहा रुपयांत नेमके काय विकत घेतले जाते आणि त्याच दहा रुपयांत कोणाचे काय बुडते, या जमा आणि खर्च अशा दोन्ही बाजू वहीवर आल्याशिवाय बेरीज खरी ठरत नाही.

प्रथम जमेची बाजू. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि नागपूर हे गिरणीच्या भोंग्यावर चालणारे शहर बनू लागले. त्या काळच्या कामगाराला कामाचे तास किती आणि विश्रांती किती, हे ठरविण्याचा अधिकार नव्हता. तो अधिकार अनेक पिढ्यांच्या लढ्यांतून मिळाला. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांहून अधिक काम करवून घेण्यास मनाई केली, त्याआधी निदान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली आणि 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह काढण्याची सक्ती करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. दुपारचा चहा हा त्या अर्ध्या तासाचाच एक भाग होता. मालकाच्या दयाबुद्धीतून तो आलेला नव्हता.

पुढे ती व्यवस्थाच कोसळली. एम्प्रेस मिल 1986 मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये कायमची बंद पडली. गिरणीच्या जागेवर आज मॉल उभा आहे. ज्या घरांतली माणसे पूर्वी साच्यावर उभी राहत, त्या घरांतली मुले आज कळमन्याच्या बाजारात पोती उचलतात, बांधकामावर जातात, इमारतींच्या दारांशी पहारा करतात किंवा दुचाकीवरून घरोघरी जेवणाचे डबे पोहोचवितात. या कामांना भोंगा नाही, म्हणून सुट्टीही नाही. भल्या सकाळी ठिय्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला ठेकेदार मिळाला तर काम, नाही तर रिकाम्या हाताने घर. अशा माणसासाठी कोणता मालक उपाहारगृह काढणार? त्याच्या वाट्याला वस्तीतला किंवा रस्त्याकडेचा ठेलाच येतो. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या वर चढतो, तेव्हा ताडपत्रीच्या त्या वीतभर सावलीत पाव तास टेकता येणे, माठातले पाणी मिळणे आणि कोणी 'ऊठ' न म्हणणे, याची किंमत दहा रुपये होते. घरचा चहा स्वस्त असेल. परंतु दुपारी चार वाजता हा माणूस घरी नसतो. कायद्याने देऊ केलेली आणि परिस्थितीने हिरावून घेतलेली विश्रांती तो रोज स्वतःच्या खिशातून विकत घेत असतो. त्याला उधळपट्टी म्हणणे हा अन्याय आहे.

जमेची दुसरी बाब याहून मोठी आहे. ती म्हणजे बाक. ठेल्यावरच्या बाकावर कोण कोणाशेजारी बसतो, हा प्रश्न महाराष्ट्रात कधीही साधा नव्हता. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांनी दिलेल्या चहावरून केवढे वादळ उठले होते! न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांची नावे त्या प्रकरणात गोवली गेली, वाद शंकराचार्यांपर्यंत गेला आणि प्रायश्चित्ताची चर्चा वर्षानुवर्षे पुरली. समाजातल्या सर्वांत विद्वान मंडळींना एका कपाबद्दल जाब द्यावा लागत होता, तेथे सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाला त्या कपापर्यंत पोहोचूच दिले जात नव्हते, यात नवल ते काय?

या भिंतीला मोठा तडा कोल्हापुरात गेला. अस्पृश्य म्हणून मार खावा लागलेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी चहाचे दुकान काढून दिले आणि त्या दुकानासमोर गाडी थांबवून, भर रस्त्यावर, ते स्वतः तेथला चहा पिऊ लागले. बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही तो घ्यावा लागला. व्याख्यानांनी जे साधले नसते ते एका कपाने साधले. हेच शाहू महाराज 1920 मध्ये नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष होते, हा योगायोग नव्हे. दुकानातला कप आणि परिषदेतला ठराव एकाच लढ्याची दोन अंगे होती. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत जातीच्या कारणावरून मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. 1955 च्या कायद्याने तो मज्जाव गुन्हा ठरविला. तरीही खेड्यापाड्यांत दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवण्याची पद्धत पुढेही कित्येक दशके तग धरून राहिली.

14 ऑक्टोबर 1956 रोजी ज्या नागपुरात लाखो माणसांनी जुन्या समाजव्यवस्थेची दीक्षाभूमीवर वजाबाकी केली, त्या शहराला बाकाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. ठेल्यावर पैसे देणाऱ्याची जात विचारली जात नाही. एकाच बादलीत विसळलेले ग्लास सर्वांच्या ओठांना लागतात. तेथे एक वर्तमानपत्र दहा जणांत वाचले जाते, मजुरीचा भाव कळतो, कोणत्या ठेकेदाराने पैसे बुडविले ते कळते, आणि संघटनेचे पहिले बोलणेही पुष्कळदा तेथेच होते. या बाकाला लोकशाहीची प्राथमिक शाळा म्हटले, तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

मात्र या शाळेत अजून निम्म्या समाजाला प्रवेश मिळालेला नाही, हेही सांगितले पाहिजे. विटा वाहणारी, धुणीभांडी करणारी स्त्री पुरुषाइतकीच थकते. पण ठेल्यावरच्या बाकावर ती क्वचितच दिसते. तिच्यासाठी विश्रांतीची जागा नाही, स्वच्छतागृह नाही, आणि बसलीच तर नजरा आहेत. जातीची भिंत जेथे ढासळली, तेथे पुरुषीपणाची भिंत शाबूत राहावी, ही समतेच्या चळवळीला शोभणारी गोष्ट नाही.

आता खर्चाची बाजू. चहा ही या देशातल्या श्रमिकाची परंपरागत गरज नव्हती. ती त्याला लावण्यात आली. 1903 मध्ये इंग्रज सरकारने निर्यातीच्या चहावर उपकर बसविला आणि त्यातून चहाच्या प्रचाराचा खर्च चालविला. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून कारखाने आणि खाणी यांत चहाचे ठेले उघडण्यात आले. थकलेल्या मजुराला भाकरीऐवजी तरतरी द्यावी आणि त्याच्याकडून काम उरकून घ्यावे, हे गणित मळेवाल्यांना आणि गिरणीवाल्यांना सारखेच सोयीचे होते. गांधीजींनी 'आरोग्याची गुरुकिल्ली' या पुस्तकात शरीराला चहाची गरज नाही, असे सांगितले, ते या दृष्टीने चुकीचे नव्हते. भूक मारण्यासाठी प्यालेला चहा हे दारिद्र्याचेच लक्षण आहे.

त्या कपातली पत्ती कोठून येते, हेही पाहावे. आसामात ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या मळेकामगाराची रोजची मजुरी ऑक्टोबर 2023 पासून 250 रुपये ठरली. दिवसाला 24 किलो हिरवी पाने खुडली, तर त्यांपासून सुमारे पाच किलो चहा तयार होतो. एका कपाला दोन ग्रॅम पत्ती धरली, तर पाच किलोंचे अडीच हजार कप होतात. म्हणजे दहा रुपयांच्या कपामागे पाने खुडणाऱ्या बाईच्या हातावर रोख दहा पैसे पडतात. शिधा, घर आणि औषधपाणी यांची भर त्यात घातली, तरी आकडा फारसा हलत नाही. नागपूरच्या मजुराचा चहा स्वस्त आहे, कारण आसामच्या मजूर बाईचा दिवस त्याहून स्वस्त आहे.

दुसरी थकबाकी ठेल्यापाशीच उभी असते. ग्लास विसळणारा पोऱ्या हा चहाच्या धंद्यातला सर्वांत स्वस्त कामगार. 10 ऑक्टोबर 2006 पासून ढाबे, हॉटेले आणि चहाची दुकाने यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली. 2016 च्या दुरुस्तीने ती बंदी सर्वच धंद्यांना लागू केली, पण शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा ठेवली. या फटीतून पुष्कळ मुले आत येतात. विचारले तर मालकाचा भाचा किंवा पुतण्या असल्याचे सांगितले जाते. ज्याच्या वह्यांसाठी बापाने चहा सोडावा, असा उपदेश केला जातो, त्याच वयाचा दुसरा मुलगा तो चहा घेऊन समोर उभा असतो!

तिसरा देणेकरी आहे समाज, आणि त्याचे देणे आहे खुद्द चहावाल्याला. तो भांडवलदार नव्हे. स्वतःच्या श्रमावर पोट भरणारा, पुष्कळदा गिरणीतून किंवा शेतीतून बाहेर फेकला गेलेला माणूस आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्याला संरक्षण दिले. आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र आणि तोवर कोणालाही हटविता येणार नाही, असा त्याचा क्रम आहे. नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के प्रतिनिधी खुद्द विक्रेत्यांचे असावेत, असेही त्यात आहे. कायद्याला दहा वर्षे उलटली. तरी अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी दिसताच गॅसची टाकी उचलून पळणारा चहावाला हे आपल्या शहरांतले नेहमीचे दृश्य आहे. मोठ्या बांधकामाने गिळलेला पदपथ दिसत नाही. दोन बाकांचा ठेला मात्र डोळ्यांत सलतो.

अशा वेळी फेब्रुवारी 2024 मध्ये नागपूरच्या सदर भागातल्या एका चहावाल्याच्या हातचा चहा बिल गेट्स पितानाची चित्रफीत जगभर पाहिली गेली. एका कष्टाळू माणसाला नाव मिळाले, याचा हेवा कोणी करू नये. परंतु जगातल्या अतिश्रीमंतांपैकी एकाने कप हातात घेतल्यावरच ठेल्याची प्रतिष्ठा मान्य व्हावी, यात समाजाची दृष्टी दिसते. त्यानंतर चर्चा झाली ती नाममुद्रेची आणि शाखा विकण्याची. हजारो अनामिक चहावाल्यांच्या प्रमाणपत्रांची चर्चा झाली नाही. शहरोशहरी निघणाऱ्या साखळी-दुकानांत चहा महागतो, बसायला जागा कमी होते आणि कागदी कप हाती देऊन गिऱ्हाइकाला चालते केले जाते. चहा राहतो; बाक जातो.

बाजाराशिवाय दुसरा मार्गच नाही, असे मात्र नाही. 1957 मध्ये कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करण्यास घेतली, तेव्हा नोकरीवर गदा आलेल्या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि 'इंडियन कॉफी हाउस' स्वतः चालवून दाखविले. पुण्यात बाबा आढावांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने 1974 मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली आणि हमालाला परवडेल अशा दरात पोटभर जेवण दिले. या दोन्ही ठिकाणी सेवा देणाऱ्याचा मान आणि घेणाऱ्याचा खिसा सांभाळला गेला. पुण्यात झाले ते नागपुरात व्हायला काय हरकत आहे? कळमन्याच्या बाजारात, बांधकाम मजुरांच्या ठिय्यांवर, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींच्या दारांशी श्रमिकांची सहकारी उपाहारगृहे निघावीत. तेथे बाक, सावली आणि पिण्याचे पाणी असावे, आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावे. महापालिकेने विक्रेत्यांना प्रमाणपत्रे द्यावीत आणि पोऱ्याला शाळेच्या बाकावर बसवावे. मळेकामगारांच्या मजुरीच्या मागणीला शहरातल्या संघटनांनी आपली मागणी मानावे.

तर दुपारचा चहा परवडतो का? पिणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर दहा रुपयांत त्याला विश्रांती मिळते, बरोबरीची जागा मिळते आणि आपल्यासारख्यांशी चार शब्द बोलायला मिळतात. तो तोट्यात नाही. तोट्यात आहेत त्या मळ्यातली बाई, ठेल्यावरचा पोऱ्या आणि उद्या जागा राहील की नाही या काळजीत शेगडी पेटविणारा चहावाला. त्यांची थकबाकी चहा सोडून फिटणार नाही. बाकावर शेजारी बसणाऱ्यांनी ती आपली मानली आणि तिच्यासाठी संघटित झाले, तरच ती फिटेल.