सापसुरळी, वाळा व देवगांडूळ : मारण्यापूर्वी ओळख पटवावी

वैशाखात शेणखताचा खड्डा उपसताना, किंवा मृगाच्या सरी पडून गेल्यावर बांध नीट करताना, ओलसर मातीतून करंगळीहूनही बारीक, बिनपायांचा, चकचकीत जीव वळवळत बाहेर येतो. कोणीतरी ‘सापाचे पिलू’ म्हणून ओरडतो आणि फावड्याचा घाव बसतो. तो जीव कोणता होता, हे पाहण्याचे कष्ट मागाहून कोणी घेत नाही. ही रीत शेतीच्या दृष्टीने नुकसानीची आहे.

खरोखर पादहीन असे सरडे भारतात थोडेच आहेत. ओडिशातील चिलका सरोवराच्या बरकुडा बेटावरील अशा एका सरड्याचे वर्णन डॉ. ॲनंडेल यांनी १९१७ साली केले; ईशान्येकडील डोंगराळ मुलखातही एक जात आढळते. महाराष्ट्रातील शेतकऱ्यास दिसते ती बहुधा त्यांच्याच नात्यातील सापसुरळी होय. हिच्या काही जातींचे पाय इतके आखूड असतात, की ती मातीतून निसटू लागली म्हणजे ते दिसतच नाहीत. एका जातीच्या पिलांची शेपटी लालभडक असते. या रंगामुळे व ‘सापाची मावशी’ या नावामुळे तिला विषारी ठरविण्यात आले आहे. वस्तुतः तिला विष मुळीच नाही. ती डोळे मिटते, सापाला पापण्याच नसतात. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे. शेपटी धरल्यास ती तोडून देते व पुढे नवी फुटते.

दुसरा जीव वाळा. हा मात्र खरा साप आहे, परंतु वीतभरही लांब नसतो आणि बिनविषारी असतो. डोळ्यांच्या जागी केवळ काळे ठिपके दिसतात. शेपटीच्या टोकाचा बारीक काटा टोचतो, त्यालाच लोक नांगी समजतात. मुंग्यांची व वाळवीची अंडी आणि पिले हे त्याचे अन्न. वाळवीसाठी जमिनीत औषधाची भुकटी मिसळणारा शेतकरी वाळवी खाणाऱ्या वाळ्याला कुदळीने तोडतो, हा व्यवहार कोणत्या हिशेबात बसतो?

कोकणात व घाटमाथ्यावर ओलसर जागी देवगांडूळ सापडते. अंगावर वळी, त्वचा बुळबुळीत. हे गांडूळ नव्हे आणि सापही नव्हे. ते बेडकाच्या वर्गातील आहे.

या बाबतीत दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. गावोगावच्या सभांतून किडींची चित्रे दाखविली जातात, औषधांची मात्रा पाठ करून घेतली जाते. किडी खाणाऱ्या या जीवांविषयी मात्र अवाक्षरही निघत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने स्वतःच वाळा पाहून दोन पावले मागे सरावे आणि शेतकऱ्याने धीर धरावा, असे होणार नाही. कार्यकर्त्यांच्या शिक्षणात ही ओळख आलीच पाहिजे.

असा जीव दिसल्यास काम क्षणभर थांबवावे व मुलांना दूर ठेवावे. ओळख पटेपर्यंत उघडा हात लावू नये, कारण फुरशाचे किंवा मण्यारीचे पिलूही लहानच असते. संशय राहिल्यास त्याला वाट मोकळी करून द्यावी. दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात रोग्यास न्यावे. वरील तिघांपैकी कोणी असल्याची खात्री पटल्यास फावड्यावर थोड्या मातीसह अलगद उचलून त्याच शेताच्या बांधाजवळ, सावलीतील ओलसर पालापाचोळ्याखाली सोडावे. बाटलीत भरून ठेवू नये. देवगांडुळाची त्वचा उन्हात लवकर सुकते व ते मरते. म्हणून त्याला सोडताना वर मूठभर ओली माती पसरावी.